जुन्या लेथवर इलेक्ट्रॉनिक लीड स्क्रू : हिंगणा एमआयडीसीतील कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

माझ्या आतेभावाची नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत छोटी दुरुस्तीची शेड आहे. तेथे राजकोट बनावटीचा साडेचार फुटी लेथ आहे आणि त्याचा बेड (लांब पाया) व हेडस्टॉक (काम फिरवणाऱ्या स्पिंडलची बाजू) अजून उत्तम स्थितीत आहेत. अडचण चेंज गिअरची, म्हणजे स्पिंडल आणि लीड स्क्रू यांच्या फेऱ्यांचे गुणोत्तर ठरवणाऱ्या बदलत्या गिअरची आहे. लीड स्क्रू, म्हणजे टूल धरणारी कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू, इंची मापाचा असून १२७ दात्यांचा गिअर संचात नाही. त्यामुळे मेट्रिक आटे ६३ दात्यांच्या गिअरवर कापले जातात. ६३/८० हे गुणोत्तर १००/१२७ च्या इतके जवळ आहे की साध्या बोल्टसाठी ती चूक लक्षात घेण्याजोगी नसते, पण इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे कापताना हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा नट) उघडता येत नाही आणि प्रत्येक कटनंतर मशीन उलटे फिरवून मागे यावे लागते. सकाळी एम२४ चे बोल्ट आणि दुपारी अर्ध्या इंचाचे बीएसपी निपल (इंची आट्यांचे पाइपचे जोड) असे काम आले की गिअर बदलण्यातच वेळ जातो. आतेभावाचे म्हणणे होते, "भाऊ, चुडी कापायला जेवढा वेळ लागत नाही, तेवढा गिअर बसवण्यात जाऊन राहिला."

म्हणून हे काम हाती घेतले आहे. स्पिंडलवर एन्कोडर (फिरणे मोजणारा भाग) बसवायचा, लीड स्क्रूला स्टेपर मोटर (ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी मोटर) जोडायची आणि दोघांमधील गुणोत्तर गिअरऐवजी प्रोग्रॅमने सांभाळायचे. मी नोकरीत प्रोग्रॅमिंग करतो. लेथवर हात आतेभावाचा आणि शेजारच्या शेडमधील ज्येष्ठ टर्नर काकांचा असेल. गोंधळ टाळण्यासाठी या नोंदींत धातूवरच्या कामाला सर्वत्र ‘आटे’ (आतेभावाच्या बोलीत चुडी) आणि प्रोग्रॅममधील समांतर चालणाऱ्या कामांना ‘थ्रेड’ किंवा ‘टास्क’ असे लिहिले आहे.

९ फेब्रुवारी

लीड स्क्रूवर पाटी नाही. चार आटे प्रति इंच असे सगळे सांगत होते, तरी खात्री करून घेतली. लीड स्क्रूच्या कमी झिजलेल्या, टेलस्टॉककडच्या (हेडस्टॉकच्या विरुद्ध टोकाच्या) भागावर दहा आट्यांचे अंतर व्हर्निअरने मोजले आणि ते ६३.५ मिमी भरले. म्हणजे पिच (लागोपाठच्या दोन आट्यांमधील अंतर) ६.३५ मिमी. हेच माप हेडस्टॉकजवळ घेतले तर आट्यांच्या बाजू इतक्या झिजलेल्या आहेत की व्हर्निअरची जबडी कोठे टेकवावी हेच कळत नाही. हे मोजमाप करणाऱ्यांनी झिजलेल्या भागावर विसंबू नये.

मोटर २०० पायऱ्यांची, क्लोज्ड लूप प्रकारची, म्हणजे राहिलेली पायरी स्वतः भरून काढणारी, निवडली आहे. ड्रायव्हरवर आठ मायक्रोस्टेप ठेवले की मोटरच्या एका फेऱ्याला १,६०० स्टेप होतात आणि बेल्टवर एकास दोन घट घेतली की लीड स्क्रूच्या एका फेऱ्याला ३,२०० स्टेप पडतात. एका स्टेपला कॅरेज सुमारे ०.००२ मिमी सरकते. एवढी सूक्ष्मता आट्यांसाठी पुरून उरते.

१.७५ मिमी पिचसाठी स्पिंडलच्या एका फेऱ्यात लीड स्क्रू ३५/१२७ फेरा फिरला पाहिजे. गिअरच्या संचात नसलेला १२७ हा आकडा गणितात पुन्हा आलाच, कारण एका इंचाच्या २५.४ मिमीमध्ये तो आहे आणि त्यातून सुटका नाही. स्पिंडलच्या एका फेऱ्याला ८८१.८९ स्टेप येतात, म्हणजे पूर्णांक येत नाही. प्रत्येक पिच दशांशात न साठवता अपूर्णांकाच्या अंश आणि छेदाच्या रूपात साठवायचा, हे आजच ठरवले.

२ मार्च

पहिली आवृत्ती घरी पडून असलेल्या रास्पबेरी पायवर पायथॉनमध्ये लिहिली. प्रोग्रॅममध्ये तीन थ्रेड होते: एक एन्कोडर वाचणारा, एक स्टेप देणारा आणि एक पडदा व बटणे सांभाळणारा. टेबलावर मोटर आणि एन्कोडर ठेवून हाताने फिरवले तेव्हा सर्व सुरळीत चालले.

लेथवर लावून एमएसच्या (साध्या पोलादाच्या) रॉडवर नुसता ओरखडा काढणारा कट घेतला. स्पिंडलचा वेग मिनिटाला २०० फेरे होता. पिच गेज काही ठिकाणी नीट बसत होता आणि काही ठिकाणी त्यातून उजेड दिसत होता. भिंगातून पाहिल्यावर आट्यांची रेषा सरळ चढण्याऐवजी डगमगत चढलेली दिसली. टर्नर काकांनी रॉड उजेडाकडे धरला आणि "ह्याच्यावर नट चढणार नाही," एवढेच सांगून तो परत दिला.

९ मार्च

कारण सापडले आणि ते आकड्यांत मांडता येते. नेहमीच्या पायथॉनमध्ये एक अंतर्गत कुलूप असते, त्यामुळे एका वेळी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवू शकतो. दुसऱ्या थ्रेडला पाळी देण्याचा ठरलेला अवधी ५ मिलिसेकंद असतो. पडद्याच्या थ्रेडने काम सुरू केले की स्टेप देणारा थ्रेड किमान तेवढा वेळ ताटकळू शकतो. २०० फेऱ्यांच्या वेगाला आणि १.७५ पिचला कॅरेज सेकंदाला ५.८३ मिमी सरकते. म्हणजे ५ मिलिसेकंदांत टूल ०.०२९ मिमी मागे राहते आणि नंतर झटक्याने ती उणीव भरून काढते. त्याखाली लिनक्स स्वतः इतर प्रक्रियांना वेळ देतो, तेव्हा हा आकडा अनेक पटींनी वाढतो.

पायथॉन ३.१३ मध्ये हे कुलूप नसलेली प्रायोगिक आवृत्ती मिळते आणि लिनक्सच्या ६.१२ या आवृत्तीपासून रिअल-टाइमची (काम ठरल्या वेळेतच करण्याची) सोय मूळ कर्नलमध्येच आली आहे. मी दोन्हींचा विचार केला आणि दोन्ही सोडून दिले. या कामाला एकच गोष्ट अगदी वेळेवर व्हायला हवी आहे. त्या एका गोष्टीसाठी संपूर्ण संगणक आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिम कह्यात ठेवण्यापेक्षा तिला स्वतंत्र छोटा मायक्रोकंट्रोलर देणे योग्य आहे. नागपूरच्या सीताबर्डीतून ईएसपी३२ चा बोर्ड आणला. त्यात दोन कोर आहेत, एन्कोडरचे पल्स मोजणारे हार्डवेअर अंगचेच आहे आणि फ्रीआरटीओएस ही छोटी रिअल-टाइम प्रणाली त्यावर चालते.

ज्यांना केवळ पडद्यावर माप दाखवायचे आहे त्यांच्यासाठी पायथॉन पुरेसा आहे. ज्यांच्या प्रोग्रॅमच्या उशिराची नोंद धातूवर उमटणार आहे त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

२३ मार्च

धुळवडीच्या सुट्टीत एन्कोडर पक्का बसवला होता. एन्कोडर १,०२४ रेषांचा आहे. दोन्ही वाहिन्यांच्या चढत्या आणि उतरत्या कडा मोजल्या की एका फेऱ्याला ४,०९६ मोजणी मिळतात. तो स्पिंडलच्या मागच्या टोकाला समान दात्यांच्या दोन टायमिंग पुलींनी जोडला आहे. येथे साधा व्ही बेल्ट चालत नाही, कारण तो किंचितही सरकला तरी पुढचा कट आधीच्या आट्यात पडत नाही.

मोटरचा कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा स्विच) चालू झाला की मोजणी आपोआप वाढत होती. स्पिंडल जागचा हललेला नसताना पडद्यावर आकडा पुढे जायचा. एन्कोडरची साधी केबल मोटरच्या तीन फेजच्या वायरसोबत एकाच पाइपमधून नेली होती. आता जाळीचे आवरण असलेली केबल वेगळ्या मार्गाने नेली, आवरण फक्त कंट्रोलरच्या बाजूला अर्थ केले आणि एन्कोडरचे आउटपुट ओपन कलेक्टर असल्याने एक किलोओहमचे पुल-अप ३.३ व्होल्टला जोडले. शिवाय मोजणीच्या हार्डवेअरमध्ये गाळणी आहे, ती ५ मायक्रोसेकंदांवर ठेवली. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या वेगालाही लागोपाठच्या कडांमध्ये सुमारे २४ मायक्रोसेकंदांचे अंतर असते, त्यामुळे खरा पल्स या गाळणीत अडकत नाही. कॉन्टॅक्टर वारंवार चालू-बंद करून पाहिला आणि आकडा जागचा हलला नाही.

लीड स्क्रूच्या बाजूला मधला चेंज गिअर काढून ठेवला आहे. मोटरची पुली आणि गिअरची साखळी दोन्ही एकाच वेळी लीड स्क्रूला जोडलेल्या राहिल्या तर काहीतरी तुटणारच. म्हणून तो गिअर कंट्रोलरच्या पेटीवरच्याच खुंटीला टांगला आहे. खुंटी रिकामी दिसली तर कंट्रोलर चालू करायचा नाही, असा नियम शेडमध्ये लावला आहे.

६ एप्रिल

स्टेप देण्याचे काम एका टास्कमध्ये ठेवले आणि तो टास्क दुसऱ्या कोरला बांधून टाकला. मोजणी वाचायची, किती स्टेप व्हायला हव्यात ते काढायचे, कमी असतील तर एक द्यायची आणि पुन्हा सुरुवात करायची, एवढेच त्याचे चक्र होते. मधे कोठेही विसावा नव्हता. पाच सेकंदांनी वॉचडॉगने (प्रोग्रॅम अडकला का ते पाहणाऱ्या सोयीने) तक्रार केली, कारण त्या कोरवरील निष्क्रिय टास्कला कधी संधीच मिळत नव्हती.

याचा सर्वत्र सुचवला जाणारा उपाय म्हणजे चक्रात एका टिकचा विराम घालणे. तो घातला, तक्रार थांबली आणि आटे बिघडले. ईएसपी-आयडीएफ या ईएसपी३२ च्या प्रोग्रॅमिंग संचात टिकचा मूळ वेग सेकंदाला १०० असतो, म्हणजे एक टिक १० मिलिसेकंदांची असते. तेवढ्या वेळात टूल ०.०५८ मिमी मागे राहिले. पायथॉनमध्ये जी चूक होती तिच्या दुप्पट चूक या नेमक्या आणि वेगवान प्रोसेसरवर एका ओळीने आणून दिली. टिकचा वेग सेकंदाला १,००० केला तरी चूक केवळ दशमांशावर येते, संपत नाही.

शेवटी ते चक्र टास्कमधून काढून हार्डवेअर टायमरच्या इंटरप्टमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी चालू काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये, हलवले. दर ५० मायक्रोसेकंदांनी इंटरप्ट येतो, मोजणी पाहतो, लागली तर एक स्टेप देतो आणि बाजूला होतो. सेकंदाला २०,००० स्टेपपर्यंतची क्षमता मिळाली. २०० फेऱ्यांच्या वेगाला ३ मिमी पिचसाठी सुमारे ५,०४० स्टेप लागतात, त्यामुळे ही क्षमता भरपूर आहे. वॉचडॉगही शांत राहिला.

ओरखड्याचा कट घेऊन आठ आट्यांचे अंतर मोजले. १.७५ च्या हिशेबाने १४ मिमी यायला हवे होते आणि व्हर्निअरवर तेवढेच आले. आतेभावाने त्याच रॉडवर पूर्ण खोलीचे आटे कापायला घेतले.

१३ एप्रिल

आखूड आटे उत्तम येतात, पण लांब रॉडवर कॅरेज मधेच एकदम उलट दिशेला धावते. हा दोष धोकादायक आहे. टूल कामात असताना कॅरेज उलटल्याने एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलचे टोक गेले आणि रॉडही वाया गेला. ते टूल आतेभावाने सेंटर गेजवर ६०° तपासून नुकतेच घासले होते.

कारण गुणाकारात होते. १.७५ पिचसाठी अंश १,१२,००० आणि छेद ५,२०,१९२ असे साठवले होते. बत्तीस बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात सुमारे २१४ कोटींपर्यंतचीच संख्या मावते. मोजणीला १,१२,००० ने गुणले की १९,१७३ मोजणीनंतर, म्हणजे स्पिंडलचा पाचवा फेरा पूर्ण होण्याआधीच, ती संख्या मर्यादा ओलांडून ऋण होते. मागील आठवड्यात हे जाणवले नाही, कारण शून्य मधल्या भागात धरले होते आणि प्रत्येक तुकडा त्याच्या दोन्ही बाजूंना अवघा चार फेऱ्यांचा होता.

अंश-छेदाला संक्षिप्त रूप दिले तर तेच गुणोत्तर ८७५/४,०६४ होते. त्याने मर्यादा ५९९ फेऱ्यांपर्यंत जाते, पण २०० च्या वेगाला तीही जेमतेम तीन मिनिटांत येते. म्हणून संक्षिप्त अपूर्णांक ठेवलेच आणि मोजणी व गुणाकार दोन्ही चौसष्ट बिटांत केले. सध्याच्या तक्त्यात एम२४ च्या ३ मिमी पिचसाठी ३७५/१,०१६ आणि अर्ध्या इंचाच्या बीएसपीच्या १४ आटे प्रति इंचासाठी २५/११२ असे आकडे आहेत. लीड स्क्रू, बेल्टची घट किंवा एन्कोडर वेगळा असेल तर हे आकडे बदलतील. ते जसेच्या तसे उतरवून घेऊ नयेत.

चौसष्ट बिटांचा हा बदल त्या दिवशी पूर्ण बरोबर वाटला. त्यातून पुढे काय निघाले ते ४ मेच्या नोंदीत आहे.

२७ एप्रिल

आटे कापताना कोणी पिचचे बटण दाबून नवी निवड जतन केली की आट्यात एक पायरी उमटते. जतन करण्याचा टास्क पहिल्या कोरवर चालतो आणि इंटरप्ट दुसऱ्या कोरवर, त्यामुळे दोघांचा संबंध नसावा असे वाटत होते. प्रत्यक्षात बोर्डवरील फ्लॅश मेमरी एकच आहे. तिच्यावर लिहिताना किंवा तिचा भाग पुसताना दोन्ही कोरना तिच्यातून कोड वाचता येत नाही. इंटरप्टचा कोड फ्लॅशमध्ये असल्याने तो तेवढा वेळ थांबून राहत होता.

इंटरप्टचा कोड आणि त्याला लागणारा तक्ता आतल्या रॅममध्ये ठेवला आणि इंटरप्टची नोंदणीही त्या प्रकारची केली. त्याशिवाय स्पिंडल फिरत असताना जतन करणेच बंद केले. पहिला उपाय पुरेसा होता, पण फिरत्या मशीनवर पिच बदलण्याची मुभा देणेच मला गैर वाटते.

४ मे

या कामातील सर्वांत अवघड दोष आज पकडला.

गेले काही आठवडे यंत्र दिवसभर नीट चालायचे आणि मग अचानक, कटच्या सुरुवातीला, अलार्म देऊन थांबायचे. अपेक्षित आणि प्रत्यक्ष जागेत फार मोठा फरक पडला की मोटर थांबवावी, असे संरक्षण मी इंटरप्टमध्ये घातले होते आणि तेच संरक्षण काम करत होते. पण फरक का पडतो ते कळत नव्हते. वायर बदलल्या, एन्कोडरची पुली घट्ट केली, गाळणीचा अवधी वाढवला. काही उपयोग झाला नाही. अलार्म पुन्हा मुद्दाम आणता येत नव्हता, म्हणून कोणता बदल उपयोगी पडला हेही ठरवता येत नव्हते. या काळात आतेभावाने तातडीची कामे जुन्या पद्धतीने, गिअर परत बसवून केली. मेट्रिक कामांना त्याला दुप्पट वेळ लागला.

धागा पडद्यावरून मिळाला. आतेभावाने मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. त्यात स्पिंडलच्या फेऱ्यांचा आकडा १०,४८,५७६.०० असा होता. एवढे फेरे त्या दिवशी झालेलेच नव्हते. पण प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला हा आकडा ओळखीचा असतो, कारण तो दोनचा विसावा घात आहे. त्याला फेऱ्यातील ४,०९६ मोजणीने गुणले की दोनचा बत्तिसावा घात येतो, म्हणजेच ४,२९,४९,६७,२९६.

ईएसपी३२ चा प्रोसेसर बत्तीस बिटांचा आहे. चौसष्ट बिटांची संख्या तो एका दमात वाचू किंवा लिहू शकत नाही. तो तिचे दोन अर्धे भाग एकामागून एक हाताळतो. मोजणी शून्यावरून उणे एकवर जाते तेव्हा दोन्ही अर्धे भाग एकदम बदलतात: वरचा भाग सगळ्या शून्यांचा असतो तो सगळ्या एकांचा होतो आणि खालचाही तसाच. पडद्याच्या टास्कने वरचा भाग शून्य वाचला, तेवढ्यात दुसऱ्या कोरवरील इंटरप्टने उणे एक लिहिले आणि मग टास्कने खालचा नवा भाग वाचला, की हाती ४२९ कोटींची संख्या येते. जुन्या संख्येचा एक तुकडा आणि नव्या संख्येचा दुसरा तुकडा यांची ती जोडणी असते.

हा दोष केवळ शून्याच्या आसपासच का येतो, याचे उत्तर लेथच्या कामाच्या पद्धतीत आहे. शून्य म्हणजे आट्यांची सुरुवात. प्रत्येक कटसाठी तेथेच यायचे असते. स्पिंडल थांबताना किंचित मागे डोलतो आणि मोजणी शून्याच्या अलीकडे-पलीकडे जाते. जी जागा सर्वांत जास्त वेळा ओलांडली जाते, नेमकी तीच जागा चौसष्ट बिटांच्या वाचनाला सर्वांत वाईट होती. टेबलावरील चाचणीत मोजणी नेहमी पुढेच जात असे, म्हणून तेथे हा दोष कधी दिसणे शक्यच नव्हते.

पडद्यावरील चुकीचा आकडा क्षणिक आणि निरुपद्रवी होता. अलार्म उलट दिशेच्या व्यवहारातून येत होता. ‘शून्य करा’ हे बटण दाबले की बटणाचा टास्क इंटरप्टच्या मालकीच्या मोजणीवर स्वतः शून्य लिहीत असे. ते दोन अर्ध्या भागांत लिहिले जात असतानाच इंटरप्ट आला, तर त्याला मोजणी उणे ४२९ कोटींवर गेलेली दिसे आणि संरक्षण जागे होई.

पहिला उपाय स्पिनलॉकचा, म्हणजे एका वेळी एकालाच मोजणी हाताळू देणाऱ्या कुलपाचा, केला. वाचताना आणि लिहिताना दोन्ही कोरनी तो घ्यायचा. त्याने दोष थांबला. पण पडद्याच्या टास्कने लॉक धरलेला असताना इंटरप्टला वाट पाहावी लागते आणि जे काम कोणासाठीही थांबू नये ते पडद्यासाठी थांबवणे मला पटले नाही. म्हणून रचनाच बदलली. मोजणी आता फक्त इंटरप्टची आहे. तिला दुसरा कोणताही टास्क वाचत नाही आणि लिहीत नाही. पडद्यासाठी इंटरप्ट स्वतः बत्तीस बिटांची वेगळी प्रत लिहून ठेवतो आणि ती एका दमात वाचता येते. बटणाचा टास्क ‘शून्य हवे आहे’ एवढी खूण ठेवतो आणि पुढच्या फेरीत इंटरप्टच शून्य करतो.

खात्रीसाठी स्पिंडल हाताने शून्याच्या पुढे-मागे डोलवत ठेवून बटण वारंवार दाबले. जुन्या प्रोग्रॅमवर या रीतीने अलार्म थोड्याच वेळात येतो आणि नव्यावर येत नाही. दोष मुद्दाम घडवता येऊ लागल्यानंतरच तो गेला असे म्हणता आले. ज्यांनी लॉकशिवाय चौसष्ट बिटांचे चल दोन टास्कमध्ये वापरले आहे त्यांनी ही चाचणी जरूर करावी.

११ मे

थांबण्याचे बटण कधी कधी उशिरा प्रतिसाद देते, असे टर्नर काकांच्या लक्षात आले. हे बटण आणि पडदा एकाच आय-टू-सी वाहिनीवर होते आणि त्या वाहिनीसाठी साधा बायनरी सेमाफोर (एका वेळी एकालाच वाहिनी देणारी खूण) वापरला होता. पडद्याचा टास्क कमी प्राधान्याचा होता. त्याने वाहिनी धरलेली असताना मधल्या प्राधान्याचा, नोंदी वाय-फायवरून पाठवणारा टास्क पुढे घुसत असे. मग पडद्याचे काम रखडायचे आणि त्याच्यामागे सर्वांत वरच्या प्राधान्याचे थांबण्याचे बटणही रखडायचे.

हा प्रकार प्रसिद्ध आहे. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होता आणि प्राधान्याचा वारसा देणारी (अडवणाऱ्या टास्कला तात्पुरते वरचे प्राधान्य देणारी) सोय पृथ्वीवरून चालू करून तो दोष दूर केला गेला. फ्रीआरटीओएसमधील म्युटेक्समध्ये ही सोय असते, बायनरी सेमाफोरमध्ये नसते. सेमाफोरच्या जागी म्युटेक्स घातला आणि उशीर नाहीसा झाला.

तरीही थांबण्याचे बटण प्रोग्रॅमवर सोडलेले नाही. लाल मशरूम बटणाचा नेहमी जोडलेला संपर्क थेट मोटर ड्रायव्हरच्या एनेबलमध्ये आणि मुख्य कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घेतला आहे. माणसाच्या बोटांचे रक्षण कोणत्याही टास्कच्या प्राधान्यावर अवलंबून नसावे.

१८ मे

"पहिली दोन घरं दाट दिसून राहिली," असे काकांनी दाखवले. पिच गेज सुरुवातीला बसत नाही आणि पुढे व्यवस्थित बसतो. स्पिंडल सतत फिरत ठेवून, शून्याचा कोन आला की मोटर सुरू होते. मोटर थांबलेल्या स्थितीतून एकदम सेकंदाला पाच हजार स्टेपवर जाऊ शकत नाही. क्लोज्ड लूप ड्रायव्हर उणीव भरून काढतो, पण तोवर टूल धातूत शिरलेले असते. शिवाय हाफ नटमधील प्लेही (सैलपणाही) याच अंतरात भरला जातो.

यावर प्रोग्रॅममध्ये काही करण्यापेक्षा टूल रॉडच्या टोकापासून पिचच्या किमान तिप्पट अंतरावरून सुरू करणे सोपे आहे. मागे जाताना कॅरेज त्या जागेच्याही दोन मिमी पलीकडे जाते आणि नेहमी त्याच दिशेने परत येते, त्यामुळे प्ले प्रत्येक वेळी एकाच बाजूला राहतो.

२५ मे

आजपासून नवतपा (उन्हाळ्यातील कडक तापाचे नऊ दिवस) सुरू झाला. शेडच्या पत्र्याखाली दुपारी पेटीला हात लावता येत नाही. पॉवर सप्लाय आणि ड्रायव्हर बंद लोखंडी पेटीत होते आणि दुपारनंतर ड्रायव्हर तापून बंद पडू लागला. पेटी भिंतीच्या सावलीच्या बाजूला हलवली, जाळीसह पंखा लावला आणि मोटरचा थांबलेल्या स्थितीतील करंट निम्मा केला. कूलरची हवा पेटीवर सोडण्याची सूचना आली होती, पण ती मानली नाही. कूलरची दमट हवा थेट लेथवर आल्याने बेडवर गंजाची झाक आली होती आणि ती काढायला बराच वेळ गेला होता. आता कूलरचे तोंड दाराकडे आहे आणि रोज संध्याकाळी बेडला तेल लावले जाते.

८ जून

ईएन८ (मध्यम कार्बनच्या पोलादाच्या) रॉडवर एम२४ चे बोल्ट कापले. ३ मिमी पिचला आट्याची खोली १.८४ मिमी येते. सुरुवातीचे कट जाड आणि शेवटचे अगदी बारीक ठेवले. गो-नोगो रिंग गेज (माप मर्यादेत आहे का ते दाखवणारी कडी) शेडमध्ये नाही, म्हणून तीन तारांच्या पद्धतीने, म्हणजे आट्यांत तारा ठेवून त्यांच्यावरून, मोजले. तारांऐवजी १.७५ मिमीच्या तीन सारख्या ड्रिलचे दांडे वापरले. वापरण्यापूर्वी ते मायक्रोमीटरने तपासून घ्यावेत. ६जी या सहनमर्यादेसाठी पिच व्यास २१.८०३ ते २२.००३ मिमी असतो आणि या दांड्यांवरचे माप २४.४५५ ते २४.६५५ च्या दरम्यान यायला हवे. आमचे बोल्ट २४.५६ ते २४.६० च्या दरम्यान आले. नट शेवटपर्यंत बोटांनी फिरला आणि कोठेही हलत नव्हता.

त्यानंतर गिअरला हात न लावता बीएसपीचे निपल घेतले. टूल मात्र बदलावे लागते, कारण बीएसपीचा कोन ५५° असतो. बटण दाबून पिच बदलली म्हणजे सगळे बदलले असे होत नाही. ६०° च्या टूलने कापलेला निपल हाताने चढतो आणि पाण्याच्या दाबाखाली गळतो.

१५ जून

खर्च असा झाला: मोटर आणि ड्रायव्हर सुमारे ७,५०० रुपये, एन्कोडर २,८००, पुली आणि बेल्ट १,९००, बोर्ड ५५०, पॉवर सप्लाय १,८००, आवरणाची केबल आणि किरकोळ सुटे भाग ९००, पेटी, पंखा आणि थांबण्याचे बटण १,६००. एकूण सुमारे १७,००० रुपये. वाया गेलेले रॉड आणि टूल यात धरलेले नाहीत.

ज्यांना केवळ मेट्रिक आटे हवे आहेत आणि हाफ नट न उघडता काम करण्याची सवय आहे, त्यांनी १२७ दात्यांचा गिअर पाडून घेणे यापेक्षा स्वस्त आणि निर्धोक आहे. आमच्या शेडमध्ये एकाच दिवसात मेट्रिक आणि इंची दोन्ही कामे येतात आणि कामाच्या खांद्याजवळ (जेथे व्यास वाढतो तेथे) कॅरेज आपोआप थांबते याचा आतेभावाला मोठा आधार झाला आहे, म्हणून हा खर्च योग्य ठरला.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. दोन मुखी (शेजारी-शेजारी दोन आटे असलेल्या) आट्यांसाठी शून्याचा कोन अर्ध्या फेऱ्याने, म्हणजे २,०४८ मोजणीने सरकवण्याची सोय लिहिली आहे, पण ती अजून धातूवर तपासलेली नाही. हेडस्टॉककडचा लीड स्क्रूचा झिजलेला भाग तसाच आहे. तेथे लांब आट्यांच्या पिचमध्ये फरक पडतो आणि तो प्रोग्रॅमने झाकण्याऐवजी पावसाळ्यानंतर लीड स्क्रू काढून, टोके उलटी करून बसवण्याचे ठरले आहे. तोपर्यंत लांब काम टेलस्टॉकच्या बाजूला घेतले जाईल.